समजून घ्या : पारधी समाजाच्या माथ्यावरचा शिक्का अजून का पुसला जात नाही?

तुकोबांच्या पालखीचा एक मुक्काम निमगाव केतकीला असतो. त्या रात्री गावात, शिवारात वारकऱ्यांच्या राहुट्या पडतात आणि अख्खं गाव सरबराईत असतं. याच इंदापूर-बारामती पट्ट्यात गायरानाच्या कडेला पारध्यांची पालंही आहेत, तीही वर्षानुवर्षं. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिथं जाते. याची सुरुवात दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहे.

शिक्का कोणी मारला?

फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर, लावे, हरणं पकडणारे. एका जागी न राहणारी माणसं इंग्रजांना नको होती. कर घेता येत नाही, नजर ठेवता येत नाही. १८७१ मध्ये त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नव्हती, त्या जमातीत जन्म पुरेसा होता. नाव पोलिसांच्या रजिस्टरात, ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून या जमाती ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण पाठोपाठ राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले आणि संशयाची जुनी सवय त्यांत मुरली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. ते योग्यच होतं, पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना बदल्यात जमीन मिळाली नाही.

संशयाची किंमत

जून १९९८ मध्ये बारामतीत पोलिसांच्या ताब्यात एका पारधी मजुराचा मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर संघटना उभी केली होती. हे प्रकरण तिनं लावून धरलं.

दुसरं उदाहरणही असंच. २००३ च्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमॅक या मूळनिवासी समाजातला डोनाल्ड मार्शल न केलेल्या खुनासाठी अकरा वर्षं तुरुंगात होता. १९८३ मध्ये तो निर्दोष ठरला. चौकशी आयोगानं वंशद्वेषावर बोट ठेवलं. पण मिकमॅकांकडे एक गोष्ट होती : १७६०-६१ मध्ये ब्रिटिशांशी झालेले लेखी तह. त्यांच्याच आधारावर याच मार्शलच्या खटल्यात १९९९ मध्ये त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य झाला. पारध्यांशी तह कोणी केलाच नाही. सरकारनं त्यांची नावं लिहिली ती हजेरीच्या रजिस्टरात.

कागद कुठून आणायचा?

खरी अडचण इथं आहे. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वी कुटुंब राज्यात राहत होतं, असा पुरावा लागतो. ज्यांना एका गावी राहू दिलं नाही, त्यांच्याकडे सातबारा कुठला आणि शाळेचा दाखला कुठला? दाखला नाही म्हणून शबरी घरकुल नाही. दाखला मिळाला तरी घर बांधायला जागा नाही. २०२२ मध्ये गायरानावरची अतिक्रमणं हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या. ज्यांची दुसरी जागाच नाही, त्यांच्यासाठी ‘अतिक्रमण’ हा शब्द फार सोपा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांमधला जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नये, असं पोलिसांना बजावलं.

शाळेचं म्हणाल तर तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकारानं पारधी मुलांसाठी आश्रमशाळा उभी राहिली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथं पारधी समाजातल्याच मतीन भोसले यांनी शाळा काढली, नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिचा काही भाग पाडला गेला.