विमान आपण बेतायचं, जोडणार दुसरंच कुणी

पापड, मसाले, गोधड्या हे आपल्या गटांचे नेहमीचे विषय. आज जरा वेगळं बोलू या. मुलांनी स्वतः जोडून उडवायच्या छोट्या विमानाचं किट कसं बेतायचं, ते पाहू. किट म्हणजे तयार खेळणं नव्हे. पाकिटात सुटे भाग आणि सूचनांचा कागद. जोडणारं मूल वेगळंच, आपण त्याच्याजवळ नसतो.

या खेळण्यांची गोष्ट जुनी आहे. 1871 साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो यांनी रबराला पीळ देऊन छोटं विमान उडवलं. 1878 मध्ये अमेरिकेत राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी पेनोंच्याच पद्धतीचं, रबरावर उडणारं खेळणं आणलं. ते मोडलं, तेव्हा मुलांनी तसंच दुसरं स्वतः केलं. हीच मुलं 1903 साली खऱ्या विमानातून उडाली. आपल्याजवळचं उदाहरण अरविंद गुप्ता यांचं. आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुने कागद यांतून खेळणी करायला शिकवलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कुणीही पाहून करू शकतं, हे त्यांचं मोठेपण.

आता विमानाकडे येऊ. सोप्या ग्लायडरला बांबूची बारीक काडी आणि ड्रॉइंग पेपर पुरतो. तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, वजन कमी. दुसरी, तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दोन्हीकडे बोट टेकवून विमान उचललं, तर ते सपाट राहायला हवं. नाक वर करून मग धपकन पडलं, तर नाकाला थोडी माती किंवा यू-पिन लावायची. नाक खाली घालून सुळकन गेलं, तर नाकाचं वजन कमी करायचं. तिसरी, पंखांची टोकं किंचित वर उचललेली. त्यामुळे एका बाजूला कललेलं विमान आपोआप सावरतं.

हे जमलं की खरं काम सुरू होतं. बेतलेलं ब्लाउज शिवायला दुसरीकडे देताना बाहीची पुढची बाजू कुठली, मागची कुठली, अशी खूण आपण करतोच ना? तसंच इथे. प्रत्येक भागावर आकडा छापा. दुमडायची रेघ तुटक काढा, कापायची सलग. तोलाची जागा पंखावरच ठिपक्याने दाखवा. एखादा भाग जादा टाका. पाकीट बंद करण्याआधी एकीने भाग मोजावेत, दुसरीने पुन्हा मोजावेत.

मग परीक्षा घ्या. सहावीतल्या, हे विमान कधी न पाहिलेल्या मुलीला पाकीट द्या आणि गप्प बसा. ती अडली की हात पुढे करू नका, कुठे अडली ते लिहून ठेवा. तिथे आपला कागद कमी पडला आहे. तो बदला आणि दुसऱ्या मुलीला द्या. दोन-तीन मुली न विचारता विमान उडवतील, तेव्हाच किट विकायला काढा.

दर ठरवताना कागद, काडी, छपाई, पाकीट, वाहतूक धरतोच. कापण्याची, मोजण्याची आणि या परीक्षेची मजुरीही धरा. ती सोडली, तर नफा दिसतो तो आपल्याच घामाचा.

एवढी काळजी का? वाईट पापड तळताना फुटला, तर गिऱ्हाईक पापडाला नावं ठेवतं. विमान उडलं नाही, तर पोर स्वतःला नावं ठेवते. "मला नाही जमत असलं," म्हणते आणि पाकीट बाजूला सारते. चूक आपल्या खुणेची असते, पण ती तिला आयुष्यभर आपली वाटू शकते. म्हणून मैत्रिणींनो, भाग मोजा, खुणा तपासा, मगच पाकिटावर गटाचं नाव घाला.