लाल भाकरी आणि बंद कालवा

माकणी हे तेरणाकाठचं गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. जहाज आम्ही पाहिलं ते क्रमिक पुस्तकातल्या चित्रात. तरीही परमुलखातल्या एका बंद कालव्याची झळ या गावाला लागली, असं म्हटलं तर वाचकांना नवल वाटेल.

१९७२ चा दुष्काळ. थोरली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोरांच्या हातावर सुकडी आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. ‘‘कुठनं आली रं ही?’’ आजी वैतागून विचारायची. गुरुजींनी शाळेतल्या नकाशावर बोट फिरवून दाखवलं : अमेरिकेहून निघायचं, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायचा, मग मुंबई. जवळची वाट सुवेझ कालव्याची. पण तिला कुलूप होतं.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुल्या झालेल्या या कालव्यानं मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ७ ते ८ हजार किलोमीटरनं कमी केलं होतं. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि इजिप्तनं तो बंद केला. ग्रेट बिटर सरोवरात १४ जहाजं अडकली. वाळवंटाची धूळ बसून पिवळी पडली. कालवा पुन्हा उघडला तो ५ जून १९७५ रोजी.

पुढं बँकेत आयात-निर्यातीची कागदपत्रं हाताळू लागलो, तेव्हा आजीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मिळालं. वाट लांबली की इंधन वाढतं, भाडं वाढतं, पैसा अडकतो आणि व्याज मात्र चालूच राहतं. सुवेझ बंद होताच जहाज कंपन्यांनी भाड्यावर अधिभार लावला होता. दुष्काळ पडला तो पाऊस नव्हता म्हणून, कालव्यामुळे नव्हे. पण उपाशी देशानं परकीय चलन मोजून धान्य घ्यायचं आणि वर वळशाचं भाडंही भरायचं, हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. कालवा उघडा असूनही अनेक जहाजं पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली. २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षं युरोपात उशिरा पोहोचली, भाडंही वाढलं.

अशा प्रसंगी जहाजवाला अधिभार लावतो, विमेवाला हप्ता वाढवतो. शेतकऱ्यानं कुणाकडे बोट दाखवायचं? बँकेत उमेदीची वर्षं घालवल्यावर एवढं सांगू शकतो : जहाज लांबून गेलं म्हणून पीककर्जाची तारीख पुढं जात नाही.