सूचना एक, भाषा तीन : स्वयंसेवी अनुवादाची शिस्त

संघाच्या सूचना मराठी, हिंदी व कन्नड या तीन भाषांत काढण्याचे कार्य आमचे सभासद आपला व्यवसाय सांभाळून, विनामूल्य करीत असतात. औंध परिसरास ही बहुभाषिकता नवी नाही. जुन्या औंध संस्थानात औंध, आटपाडी व कुंडल या मराठी भागांसमवेत विजापूरकडील गुणदाळचा कन्नड मुलूखही होता. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधच्याच स्वाध्याय मंडळातून वैदिक वाङ्मय मराठी व हिंदी वाचकांपुढे ठेवले. संस्थान १९४८ साली विलीन झाले. तथापि सांगली-मिरजेकडील आपल्या सभासदांच्या दारी कन्नड भाषक रुग्ण आजही येतात.

औषधविषयक १९४५ च्या नियमावलीतील नियम १६१ अन्वये, परिशिष्ट ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाचा इशारा इंग्रजी व हिंदीत छापणे आवश्यक आहे. मराठी वा कन्नड तेवढेच वाचणाऱ्यास तो समजावून देण्याची जबाबदारी वैद्य व दुकानदार यांच्यावरच येते. म्हणून अनुवादातील चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही.

एक अनुभव नमूद करणे उचित होईल. भल्लातकाविषयीच्या सावधगिरीची एक सूचना प्रथम कन्नडमध्ये तयार झाली. कन्नडमध्ये बिब्ब्यास ‘गेरु’ म्हणतात. मराठी मसुद्यात तो शब्द तसाच उतरला. मराठी दुकानदार ‘गेरू’ म्हणजे गैरिक समजणार, लघुसूतशेखराच्या बाटलीकडे संशयाने पाहणार आणि बिब्ब्याची बरणी मात्र निःशंकपणे उघडी ठेवणार! अंगावर फोड आणणारे द्रव्य सुटले आणि निरुपद्रवी द्रव्य अडकले, असा तो प्रकार झाला असता. सुदैवाने दुसऱ्या वाचनात ही चूक सापडली.

एकाच भाषेतही असे सापळे आहेत. ग्रंथोक्त ‘रक्तपित्त’ म्हणजे रक्तस्रावाचा व्याधी. परंतु सामान्य मराठी माणूस ‘रक्तपिती’ म्हणजे महारोग समजतो. अडुळशाच्या उपयोगाविषयीची साधी सूचना वाचून रुग्णाचे कुटुंब हवालदिल होऊ शकते.

या अनुभवांतून आम्ही पुढील पद्धत ठरविली आहे.

१) मूळ मसुदा एकच असावा. त्यावर क्रमांक व दिनांक घालावा आणि अनुवाद सुरू झाल्यावर त्यात परस्पर बदल करू नये.

२) प्रत्येक द्रव्याचे संस्कृत, स्थानिक व वनस्पतिशास्त्रीय अशी तिन्ही नावे लिहावीत; जसे भल्लातक, बिब्बा, सेमेकार्पस ॲनाकार्डियम. मात्रा ‘चमचा’ अशी न लिहिता मिलिलिटर वा ग्रॅममध्ये द्यावी.

३) निश्चित झालेले शब्द सामाईक शब्दसूचीत नोंदवावेत, म्हणजे प्रत्येक अनुवादक नवा शब्द योजणार नाही.

४) मूळ मसुदा न पाहिलेल्या सभासदाने अनुवाद वाचून त्याचा अर्थ तोंडी सांगावा. तो मुळाशी जुळला तरच सूचना काढावी. वरील चूक याच पायरीवर उघडकीस आली.

५) सावधगिरीच्या सूचना तिन्ही भाषांत एकाच दिवशी निघाव्यात. संमेलन, वर्गणी आदी सूचना मागाहून अनुवादित झाल्या तरी चालतील.

६) दुरुस्ती झाल्यास जुन्या सूचनेचा क्रमांक देऊन ती रद्द झाल्याचे स्पष्ट लिहावे. दुकानात लावलेली जुनी प्रत काढून टाकावी.

स्वयंसेवकांवर फार भार टाकला की काम थांबते, हेही आम्ही अनुभवले आहे. यास्तव प्रत्येक भाषेस दोन अनुवादक व एक वाचक असावा, सूचना एका पृष्ठाहून मोठी नसावी आणि काम पाळीपाळीने वाटावे. अनुवादकास शंका आल्यास तिचे उत्तर मसुदा लिहिणाऱ्या वैद्याने द्यावे; अनुवादकाने तर्काने अर्थ लावू नये.

कन्नड वाचकांची उणीव आजही भासते. ज्या सभासदांस ती भाषा अवगत आहे, त्यांनी महिन्यातील एक तास या कार्यास द्यावा, ही विनंती. आपण हाताने दिलेल्या औषधाइतकीच आपण लिहून दिलेल्या शब्दाचीही जबाबदारी आपणावर आहे.