झेपेल तेवढं, पण नेमानं

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या आवरणावरच हल्ला चढवते. थकवा, तोल जाणं, धूसर दिसणं ही त्याची नेहमीची लक्षणं.

अमेरिकी स्कीपटू जिमी ह्यूगा याने १९६४च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. १९७०मध्ये त्याला याच आजाराचं निदान झालं. श्रम टाळा, हा तेव्हाचा वैद्यकीय सल्ला. ह्यूगाने मात्र स्वतःपुरता व्यायामक्रम आखला आणि १९८४मध्ये कोलोरॅडोत रुग्णांसाठी केंद्रच काढलं.

आज झेपेल असा व्यायाम उपचारांचा भाग मानला जातो. ‘रोज चालायचं’ यापेक्षा ‘ऊन चढण्याआधी दहा मिनिटं’ हे उद्दिष्ट बरं, कारण उष्णतेने लक्षणं तात्पुरती वाढतात. वेळापत्रकात विश्रांतीही हवी. नवं लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकलं, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवावं.