43 फुटांच्या आधी

पावसाळ्यात कोल्हापूरकर पंचगंगा नदीबद्दल फुटांतच बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्याही वर गेलं, तेव्हापासून रात्री झोपताना मोबाइलवर पातळी बघायची सवयच लागली आहे. हे आकडे येतात कुठून, ते बघत मी नदीकाठानं घाटापर्यंत गेलो.

पुलाच्या कठड्यावरून लोखंडी हात बाहेर काढलेला असतो आणि त्याच्या टोकाला, तोंड खाली करून, रडार सेन्सर. पाण्याला तो शिवतही नाही. त्याच्या लहरी पाण्यावर आपटून परततात. त्यांना लागलेल्या वेळेवरून पाण्यापर्यंतचं अंतर कळतं, आणि सेन्सरच्या उंचीतून ते वजा केलं की पातळी मिळते. पाण्यात बसवलेल्या उपकरणाला गाळाचा आणि वाहत येणाऱ्या ओंडक्यांचा धोका असतो, याला नाही. तरी शेजारी खांबावर रंगवलेली जुनी मोजपट्टी ठेवलेली आहे, आणि ती ठेवायलाच हवी. जलपर्णीचा जाड थर नेमका सेन्सरखाली अडकला, तर लहरी त्याच्यावरूनच परततात. अशा वेळी पट्टी वाचणारा माणूस लागतो.

पण पातळी कळते तेव्हा पाणी आलेलं असतं. सवड मिळते ती वरच्या पावसाच्या नोंदीतून. गगनबावड्याच्या बाजूला पर्जन्यमापकाचं झाकण काढलेलं पाहिलं. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची छोटी बादली, मुलांच्या सी-सॉसारखी. एक कप्पा भरला की ती कलते, पाणी सांडतं, दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलण्याची नोंद होते आणि त्या नोंदींवरून पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो. एवढं साधं यंत्र, पण एक ओलं पान नरसाळ्यात बसलं की बादली कलायची थांबते. बाहेर धो धो कोसळत असताना पडद्यावर शून्य! ऊन पडलं तरी शून्य, नरसाळं तुंबलं तरी शून्य. म्हणून शेजारच्या केंद्रांचे आकडे ताडून बघावे लागतात, आणि पावसाआधी कुणीतरी वर चढून नरसाळं पुसावं लागतं. आठवडाभर सूर्य दिसत नाही तेव्हा सौर पॅनेलच्या जोडीची बॅटरी टिकायला हवी, तीही याच माणसानं तपासायची. सेन्सर बसवल्याच्या बातम्या होतात, या पुसण्याच्या होत नाहीत. माझ्या मते यंत्रणेचा जीव मात्र त्यातच आहे.

भोगावतीवरचं राधानगरी धरण यात आणखी एक पेच घालतं. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सातही उघडले तर जवळपास 10 हजार. ते पाणी पंचगंगेत यायला काही तास लागतात. शिवाय खाली नरसोबावाडीला कृष्णाच फुगलेली असेल, तर पंचगंगेला पुढे सरकायला जागा मिळत नाही. म्हणून एकाच सेन्सरवर भागत नाही. वरचा पाऊस, धरणाचा विसर्ग आणि खालची कृष्णा हे सगळं एकत्र मांडलं, तरच पुढचा अंदाज बांधता येतो.

नदीकाठच्या आंबेवाडी-चिखली गावांत पाणी लवकर शिरतं. तिथल्या एका शेतकऱ्याला 43 चा आकडा विचारला, तर म्हणाला, "त्रेचाळीस व्हायच्या आधीच माझ्या गोठ्यात पाणी असतंय. मला एवढंच सांगा, पहाटेपर्यंत किती चढणार?" त्याच्या म्हशी अंधारात, गुडघाभर पाण्यातून चालायला तयार होत नाहीत. रस्ता बुडायच्या आत आणि उजेडात त्या हलवायच्या, तर त्याला निरोप दुपारी चारपर्यंत मिळायला हवा. तोही फुटांत नको. पाणी कुठल्या गल्लीत, कुणाच्या उंबऱ्यापर्यंत येणार, ते सांगणारा हवा. वरच्या पावसाचे आणि धरणाचे आकडे तोवर हातात आलेले असतात. गल्लीगल्लीची उंची एकदा मोजून त्या आकड्यांना जोडायची, एवढं काम उरतं. त्यासाठी नवा सेन्सर लागत नाही.