खाडी दाराशी, तरी वाळू दुकानातलीच

नवी मुंबईत खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी मांडताना पहिला विचार येतो तो हाच की खाडी दाराशी असताना वाळू विकत कशाला घ्यायची? पण ठाणे खाडीचा तळ मुख्यतः बारीक चिखलाचा आहे आणि तिच्या काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा आहे. वाळू धुतली की झाले, असे कोणी म्हणेल. धुण्याने सुटा गाळ जातो. कणांना चिकटलेले जड धातू जातीलच याची खात्री नसते, आणि तांब्याचा अंशही कोळंबी-प्रवाळांना घातक ठरतो. शिवाय खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे; तिथली वाळू उचलणे गैरच.

त्याऐवजी अॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू घ्यावी. प्रवाळबेटांची पांढरी वाळू बहुतांशी याच द्रव्याची असते. तिने पाण्याचा सामू आपोआप राखला जातो हा दावा मात्र अर्धाच खरा. सागरी टाकीत सामू ८.१ ते ८.४ असतो आणि तिथे ती जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाणी बदलणे चुकत नाही. खरा फायदा वेगळा: तिच्यातून सिलिका सुटत नाही आणि कणांवर उपयुक्त जिवाणू वाढतात. एक-दोन मिलिमीटरचे कण, तीन-चार सेंटिमीटर थर पुरे. याहून बारीक वाळू पंपाच्या झोताने उडते, जाड खडीत उष्टे खाद्य कुजते. वाळूविना उघडा तळ साफ करायला सोपा, हेही खरे. पण वाळूत पुरून झोपणाऱ्या रॅस (wrasse) माशांना तो चालत नाही. म्हणून आधी मासे ठरवावेत, मग वाळू.