काळ्या रानातली सायकल : चाक केवढे, टायर किती रुंद?

परभणी जिल्ह्यात रस्त्याचा स्वभाव एकसारखा नाही. जिंतूरच्या बाजूला डोंगर, मुरूम आणि दगडगोटे. गंगाखेड-पालमकडे बालाघाटच्या टेकड्या. गोदावरीच्या काठाला वाळू. आणि बाकी बहुतेक ठिकाणी काळी जमीन. डांबरी सडक सोडून पांदणीला लागलं, की उंच चाकाची जुनी सायकल आणि जाड टायरची नवी सायकल यांतला फरक पायांना चांगला कळतो. शेतावर जाणारा माणूस असो की शाळेला निघालेली मुलगी, सायकल अडली की दिवस बुडाला. म्हणून विकत घेण्यापूर्वी चाकाचा विचार केला पाहिजे.

प्रथम टायरच्या रुंदीचे पाहू. स्वार, सायकल आणि ओझे मिळून ९० किलो वजन धरा. त्यातले साधारण ५४ किलो मागच्या चाकावर येते. हे वजन तोलून धरते ती मुख्यतः ट्यूबमधली हवा. हवेचा दाब ५० पाउंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो असेल, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे १५ चौरस सेंटिमीटर होतो. तोच दाब २५ पाउंडांवर आणला, की तो भाग ३१ चौरस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. वजन तेच, पण पसरले दुप्पट जागेवर. म्हणून चाक वाळूत कमी रुतते. लोखंडी धावेची बैलगाडी पांदणीत खोल चाकोरी पाडते, टायरची गाडी तितकी पाडत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

मग अरुंद टायरमध्येच हवा कमी का भरू नये? कारण खड्ड्यात आपटल्याबरोबर टायर दबून रिम जमिनीला लागते. ट्यूब मध्ये सापडून फाटते आणि रिमही वाकते. रुंद टायरमध्ये हवेची गादी उंच असते, म्हणून तो कमी दाब सोसतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. त्या भेगांत अरुंद टायर अडकतो, रुंद टायर वरून निघून जातो. बाभळीच्या काट्यापुढे मात्र रुंद-अरुंद हा भेद नाही. पंक्चर दोघांनाही होते.

आता चाकाचा आकार. जुन्या २८ इंची सायकलीच्या रिमचा, टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. जाड टायरच्या २६ इंची सायकलीचा ५५९. या लहान रिमवर ५४ मिलिमीटरचा टायर चढवला, की पूर्ण चाक सुमारे ६६७ मिलिमीटरचे होते. २८ इंचीवर दीड इंची टायर असता ते सुमारे ७११ भरते. म्हणजे रिममध्ये कमी केलेली उंची टायरने बरीचशी भरून काढली. शिवाय आरे आखूड झाल्याने चाक मजबूत होते. दातेरी चक्रे तीच ठेवली, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सहा टक्के कमी अंतर जाते. चढणीवर तेवढाच जोर कमी लागतो.

म्हणून चाक आणखी लहान, २० इंची घ्यावे काय? मोठ्या माणसाने तरी घेऊ नये. मोठे चाक दगडावर अलगद चढते. लहान चाक त्यावर आदळते आणि खड्ड्यात खोल उतरते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगर-उतारावर १९७० नंतरच्या दशकात तरुणांनी हाच मधला मार्ग धरला. त्यांनी जुन्या, फुगीर टायरच्या २६ इंची सायकली काढल्या आणि त्यांवरून आजच्या डोंगरी सायकलीचा जन्म झाला. पुढे तिकडेही २९ इंची चाके आली, ती दगडधोंड्यांवरून सहज जावे म्हणूनच.

पण श्रोतेहो, परभणीची खरी परीक्षा पावसाळ्यात आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि टायरला लगद्यासारखी चिकटते. इथे रुंद टायरच घात करतो, कारण तो चिखल जास्त उचलतो. हा चिखल मडगार्डमध्ये आणि चिमट्यात ठासून बसला, की चाक फिरेनासे होते. तेव्हा टायर किती रुंद, यापेक्षा टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किती मोकळी जागा आहे, हे आधी पाहावे. किमान एक बोट जावे. दोन गेली तर उत्तम. पावसाळ्यापुरते मडगार्ड काढून ठेवावे. आणि ओल्या काळ्या रानात कोणतीही सायकल चालत नाही, हे मनाशी धरून त्या दिवसांत लांबचा पण मुरमाचा रस्ता घ्यावा.

दुकानात आणखी एक सावधगिरी ठेवा. ‘२६’ हा आकडा फसवा आहे. २६ × १ १/२, २६ × १ ३/८ आणि २६ × २ हे तीन टायर तीन वेगवेगळ्या रिमचे; त्यांचे व्यास अनुक्रमे ५८४, ५९० आणि ५५९ मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेला ‘५४-५५९’ असा आकडा असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. तो लिहून न्यावा. जुन्या २८ इंची सायकलीला २६ इंची चाक घालायचा मोहही टाळावा. रिम ३८ मिलिमीटर खाली जाते आणि ब्रेकचे रबर जागेवर बसत नाहीत.

शिक्षकांना यातून वर्गात एक प्रयोग करता येईल. टायरला ओला गेरू लावून, मुलाला सायकलवर बसवून, चाक चौकटींच्या कागदावर टेकवावे. ठशातल्या चौकटी मोजाव्यात. मग थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्यावा. दाब आणि क्षेत्रफळ यांचे नाते मुलांच्या डोळ्यांसमोर उमटेल.

सारांश असा : रोजची वाट डांबरी असेल, तर उंच चाक आणि टणक टायर बरा. वाळू, भेगा, मुरूम यांतून जाणे असेल, तर २६ इंची चाक आणि दोन इंची टायर घ्यावा. आणि काळ्या चिखलाशी गाठ असेल, तर रुंदीच्या आधी मोकळी जागा मोजावी.